एवढं काय दुःख आहे तुला?

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला वीस-पंचवीस मुलं येतात. आम्ही त्यांचे 'मेंटॉर'. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची कमिटी यायची म्हटली की मुलांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि फाइल लावायची. फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो : 'विद्यार्थ्याच्या वैयक्तिक अडचणी'. गेली कित्येक वर्षं मी त्या रकान्यात एकच शब्द वाचतो आहे, 'नाही'. काहीजण तर कंटाळून नुसती आडवी रेघ मारतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी घेरी येऊन पडणारी एक मुलगी होती. दर सेमिस्टरला तिला दवाखान्यात न्यावं लागायचं. तिच्याही फॉर्मवर 'नाही'च.

शेवटी तिला बसवून विचारलं. (तिचे तपशील बदलून सांगतो आहे.) ती म्हणाली, "सर, वडील तमिळनाडूत गलाईच्या दुकानात भट्टीसमोर बसतात. मी इथं पंख्याखाली बसून अभ्यास करते. मला काय धाड भरलीय?"

खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली आहेत, त्यांच्या मुली-मुलांकडून हे वाक्य थोड्याफार फरकानं ऐकायला मिळतं. वाळव्याच्या मुलाच्या तोंडी भट्टीऐवजी उसाचा फड असतो आणि माणच्या मुलीच्या तोंडी टँकर. मुद्दा तोच. माझं दुःख सांगण्याइतकं मोठं नाही.

आपल्याकडची मुलं समुपदेशकाकडे का जात नाहीत, याचं उत्तर 'लोक काय म्हणतील' असं दिलं जातं. ते खरं आहेच. पण सातारा-सांगलीत त्याच्याही आधी एक अडसर आहे आणि तो आपल्या अभिमानात दडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं आणि 'कमवा व शिका' हा मंत्र दिला. त्या परंपरेनं इथल्या कित्येक पिढ्या उभ्या केल्या. खडी फोडून, विहिरी खणून शिकलेली माणसं आजही घराघरांत आहेत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण जेवणाच्या ताटावर दर आठवड्याला 'आम्ही शेण काढून शिकलो' हे ऐकणाऱ्या मुलाला आपोआप एक हिशेब कळतो. रडायचं असेल तर तेवढं मोठं कारण हवं. त्याच्याकडे कारण नसतं. मोबाइल असतो, मोटरसायकल असते, मेसचा डबा वेळेवर येतो. मग रात्री तीनपर्यंत झोप का येत नाही, हे त्याला सांगताच येत नाही. त्रास होतोय तो होतोयच, वर त्रास होतोय याची लाजही वाटते.

म्हणून पहिली सूचना विद्यार्थ्यांना : कारण शोधत बसू नका. ताप आल्यावर आपण तापाला 'तू कशामुळे आलास, तुझी लायकी काय' असं विचारत नाही, थर्मामीटर लावतो. इथंही मोजायचं ते एवढंच. झोप बिघडली आहे का? जेवण सुटलंय किंवा अचानक वाढलंय का? जे आवडायचं, मग ते क्रिकेट असो, गाणी असोत की मित्रांबरोबर टपरीवर उभं राहणं असो, त्यात मन लागेनासं झालंय का? पुस्तकाचं एकच पान चारदा वाचावं लागतंय का? यातलं बरंचसं दिवसातला बराच वेळ आणि सलग दोन आठवडे चाललं असेल, तर कुणाला तरी दाखवायला हवं. दोन आठवडे ही मुदत मी मनानं ठरवलेली नाही, उदासीनतेचा आजार ओळखताना डॉक्टरही तीच धरतात. जगूच नये असं वाटत असेल तर मात्र दोन दिवसही थांबायचं नाही. त्याबद्दल पुढं सांगतो.

दाखवायचं कुणाला, हा खरा घोळ आहे. आपल्याकडची माणसं मदत घेत नाहीत असं म्हणणं बरोबर नाही, ती भरपूर ठिकाणी जातात. मुलगा गप्प-गप्प झाला की आधी मेडिकलवाल्याकडून बी-कॉम्प्लेक्स येतं. मग गावातले डॉक्टर. 'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा,' असं बहुतेक वेळा घरचेच सांगतात आणि सलाईनची बाटली टांगलेली दिसली की सगळ्यांना बरं वाटतं. मग आत्या म्हणते, 'बाहेरचं काही नाही ना बघून घ्या.' मग देवऋषी, अंगारा, उतारा, कुणाच्या तरी नजरेचा संशय. यात सहा महिने आणि बऱ्यापैकी पैसा जातो. 'डोक्याचा डॉक्टर' हा सगळ्यात शेवटचा थांबा, तोही रात्री आणि शक्यतो परगावी. आमच्याकडची मुलं मित्रालासुद्धा 'येरवड्याला जायची वेळ आलीय' असं हसत सांगतात. पुण्यातलं मनोरुग्णालय इथं दोन पिढ्यांच्या शिवीत आणि विनोदात मुरलेलं आहे. खाली दक्षिणेकडे तोच मान रत्नागिरीला मिळतो. समुपदेशकाची खोली आणि येरवडा यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत हेच कुणाला ठाऊक नसल्यामुळे पहिल्या पायरीवर पाय ठेवायलाही भीती वाटते.

एक गंमत बघा. मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि आज कर्नाटकातून माणसं गाडी करून उपचारांसाठी मिरजेला येतात. आणि सांगलीतला विद्यार्थी मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं तर कोल्हापूर गाठतो, कारण सांगलीच्याच विश्रामबागेत कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं?

याच मिरजेच्या कॉलेजातून एमबीबीएस झालेला, त्याआधी सांगलीच्या विलिंग्डनमध्ये शिकलेला एक सातारकर होता. उत्तम कबड्डीपटू, पेशानं डॉक्टर. नरेंद्र दाभोलकर. अंधश्रद्धा निर्मूलनामुळे ते सगळ्यांना माहीत आहेत, पण साताऱ्यात त्यांनी 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्थाही उभी केली हे बाहेरच्यांना कमी ठाऊक असतं. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि या मंडळींनी पुढं 'मानसमित्र' या नावानं साध्या माणसांना मानसिक प्रथमोपचाराचं शिक्षण देण्याचं काम केलं. अंधश्रद्धा निर्मूलन आणि मनाच्या आरोग्याचं काम शेजारी-शेजारी उभं राहिलं यात मला काही योगायोग दिसत नाही. अंगात येणं, करणी, झपाटणं या नावांखाली जे दाराशी येतं, त्यातलं पुष्कळसं मनाचं दुखणं असतं. दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे सरळ गुन्हे ठरवले आहेत. असा प्रकार दिसला तर पोलिसांत जाता येतं.

तरीही मुलांना माझा सल्ला असा, की आजीशी देवावरून वाद घालू नका. तिला अंगारा लावायचा असेल तर लावून घ्या, नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या. मात्र डॉक्टरांची तारीख चुकवायची नाही आणि गोळी बंद करायची नाही, एवढी एकच अट घाला. आजीला अट मान्य होते. भांडलात तर अंगाराही जातो आणि तारीखही.

आता कोण काय करतं ते नीट समजून घ्या, कारण पाट्या वाचून काही कळत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र दोन दिवसांचं शिबिर केलेलासुद्धा लावू शकतो. तेव्हा शिक्षण काय झालंय हे विचारायला संकोचू नका, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. पहिल्याच भेटीत जन्मतारीख आणि रास विचारणाऱ्याकडून सरळ उठून या.

पैशांची अडचण असेल तर सरकारी दवाखाना आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय. केसपेपर काढायचा आणि 'मनोविकार विभाग' विचारायचा. केसपेपरच्या खिडकीवर हा शब्द मोठ्यानं उच्चारायला जड जातं, कारण मागे रांग उभी असते. चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवली तरी चालते. सकाळी लवकर जा आणि गर्दी असणार हे धरूनच जा. अशा ठिकाणी डॉक्टरांना तासभर वेळ मिळत नाही. त्यामुळे काय होतंय ते आदल्या रात्री कागदावर लिहून न्यावं : कधीपासून, किती वाजता झोप लागते, वजन घटलंय का, आधी कुठली औषधं झाली, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. दारू, तंबाखू, गांजा काही असेल तर तेही. डॉक्टर ते घरी कळवायला बसलेले नसतात.

आत गेल्यावर काय होतं? सिनेमातल्यासारखं कोचावर झोपवत नाहीत, शॉक द्यायचं मशीन कोपऱ्यात दडवलेलं नसतं. टेबलाच्या पलीकडे बसलेलं माणूस विचारतं, 'बोला.' आणि इथंच आपल्या मुलांची गाडी अडते. 'मला एकटेपणा जाणवतो,' असं पुस्तकी मराठी त्यांच्या तोंडी येत नाही आणि इंग्रजीतलं 'डिप्रेशन' म्हणायला लाज वाटते. त्याची गरजही नाही. 'डोकं जाम झालंय', 'जीव घाबरा होतोय', 'छातीत धडधडतंय', 'कशातच मन लागंना' असंच्या असंच सांगा. यातल्या प्रत्येक वाक्याला तिथं अर्थ आहे. पहिल्या भेटीत रडू आलं तर ते नेहमीचंच आहे. काहीच बोलता आलं नाही तरी ती भेट वाया जात नाही.

समुपदेशक सल्ला देत नाही म्हणून नाराज होणारीही बरीच असतात. 'नुसतं ऐकून घेतलं, काय करायचं ते सांगितलंच नाही.' या भागात तालमीचं उदाहरण लगेच पटतं. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहून तुमचा पाय कुठं चुकतोय ते दाखवतो, तुमच्या वतीनं कुस्ती खेळत नाही. साधारण पाऊण-एक तासाची एक बैठक, अशा पाच-सहा झाल्याशिवाय फरक पडला की नाही हे ठरवू नका. पण दोन-तीन भेटींनंतरही त्या माणसाशी सूर जुळतच नसेल, तर दुसरा शोधा. शिंपी बदलतो तसा. त्यात कुणाचा अपमान नाही.

औषधांविषयी गैरसमज इतके आहेत की त्यावर वेगळा लेख होईल. थोडक्यात सांगतो. सगळ्यांनाच औषध लागत नाही. उदासीनतेवरची औषधं चार दिवसांत काम करत नाहीत, दोन ते चार आठवडे किंवा अधिकही लागतात. सुरुवातीला मळमळ, सुस्ती असे त्रास मात्र लगेच होऊ शकतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच बरीच मुलं पाकीट फेकून देतात. त्रास होतोय तर डॉक्टरांना कळवा, ते डोस बदलतील. 'सवय लागते' ही भीती झोपेच्या आणि घबराट कमी करणाऱ्या काही गोळ्यांच्या बाबतीत खरी आहे, त्या सांगितल्या मुदतीपलीकडे घ्यायच्या नाहीत. उदासीनतेवरच्या औषधांची तशी चटक लागत नाही, पण तीही स्वतःच्या मनानं एकदम तोडू नयेत. आणि थायरॉइड किंवा बी-12 तपासायला सांगितलं तर चिडू नका. काही वेळा मरगळीचं मूळ तिथंही सापडतं.

घरी सांगायचं का? तुमचं वय अठराच्या वर असेल तर उपचारांची माहिती तुमची आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि त्यात गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा तो बाजूला ठेवता येतो. अकरावी-बारावीतल्या, अठरा पूर्ण न झालेल्या मुलांच्या बाबतीत पालक येतातच. याच कायद्यानं विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलं आहे. घरची पॉलिसी असेल तर वाचून बघा.

कायदा असा असला तरी मुलींची अडचण वेगळी असते आणि ती मला अजून पूर्ण सोडवता आलेली नाही. मुलीनं घरी 'मला त्रास होतोय' म्हटलं की घरून उत्तर येतं, 'मग ये घरी. शिकली तेवढं बास.' सहा महिन्यांत स्थळं बघायला सुरुवात. म्हणून ती गप्प राहते. अशा मुलीनं घरात आधी कुणाला सांगायचं ते पारखून ठरवावं. आई-वडिलांपेक्षा एखादी शिकलेली मावशी, शहरातला मामा, नोकरी करणारी वहिनी जास्त उपयोगी पडते. सांगताना शब्दही जपून वापरावेत. 'मला कॉलेज झेपत नाही' म्हटलं तर कॉलेज बंद होतं. 'झोप येत नाही, त्यावर उपचार चालू आहेत, कॉलेज चालूच राहणार आहे,' अशा क्रमानं सांगितलं तर निदान चर्चा उपचारांवर राहते. लग्नात अडचण येईल ही पालकांची भीती मला समजते. पण उपचार न झालेला आजार लग्नानंतर सासरी उघड होतो तेव्हा काय होतं, हेही आपण सगळ्यांनी आपापल्या भावकीत पाहिलेलं आहे.

पालकहो, तुमच्याकडे दोनच मागण्या. मुलगा फोनवर 'बरं चाललंय' म्हणाला की 'अभ्यास कर' म्हणून फोन ठेवू नका. 'झोपतोस किती वाजता?' विचारा. मार्कांविषयी विचारलं की मूल खोटं बोलतं, झोपेविषयी बहुधा खरं सांगतं. आणि 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' हे वाक्य काही दिवस तरी ट्रंकेत टाका. तुमच्या वेळीही होती. त्यांना नाव नव्हतं. गावातला एखादा काका 'तऱ्हेवाईक' होता, कुणी घर सोडून पंढरपूरला गेलं ते परत आलंच नाही, आणि कुणाविषयी घरात बोलायचंच नाही असं ठरलेलं होतं.

आता मघाशी पुढं ठेवलेली गोष्ट. मित्र-मैत्रिणीच्या बोलण्यात 'आता कशातच अर्थ नाही', 'मी नसलो तर सगळे सुटतील' असं येऊ लागलं, जपलेल्या वस्तू वाटून टाकल्या जाऊ लागल्या, निरोपासारखे मेसेज आले, तर सरळ विचारा : 'जीव द्यायचा विचार येतोय का?' असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो हा समज चुकीचा आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथ मात्र अजिबात घेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. खोलीतली औषधं आणि घरी असेल तर फवारणीची औषधं कुलपात जाऊ द्या. वॉर्डन, शिक्षक, घरचं मोठं माणूस यांपैकी एकाला लगेच बोलवा. धोका समोर दिसत असेल तर 112 किंवा थेट जवळचा दवाखाना. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. 2017 च्या कायद्यानं असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं आहे, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

कॉलेजकडूनही मागा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले : शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. विद्यार्थी प्रतिनिधींनी प्राचार्यांकडे लेखी विचारणा करावी, तारीख आणि आवक क्रमांकासह. एक गोष्ट जागेविषयीही मागा. समुपदेशन कक्ष ऑफिसला खेटून, फी भरायच्या खिडकीसमोर असेल तर तिथं काळं कुत्रं फिरकणार नाही. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, एनएसएसच्या खोलीशेजारी असला तर जाणाऱ्याला निमित्त सापडतं.

आणि हे सगळंच अवघड वाटत असेल तर फोन आहे. टेली-मानस, 14416. केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली सेवा, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. लागला नाही तर पुन्हा लावा. पहिलं वाक्य ठरवून ठेवलं की सोपं जातं : 'मी कॉलेजला आहे, पंधरा दिवस झाले झोप येत नाही, कुणाशी तरी बोलायचंय.' एवढं पुरे, पुढचं ते विचारतात. खोलीवर तिघं-चौघं असतात, तिथून बोलता येत नाही, हे माहीत आहे. संध्याकाळी हेडफोन लावा आणि कॉलेजच्या ग्राउंडवर फेऱ्या मारत बोला. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं घरी बोलतंय.